एका 'विसरलो'ची चौकशी

शाळा ही अशी जागा आहे, जिथे मुलांनी प्रश्न विचारावेत म्हणून सगळे झटत असतात. पण एखादं मूल स्वतःहून उत्तर घेऊन आलं, तर मात्र समिती नेमावी लागते.

आमच्या शाळेतही ती नेमावी लागली. मी त्या समितीचा सचिव होतो. मी चित्रकला शिकवतो. भाषा, कायदा, मानसशास्त्र यांतलं मला काही कळत नाही. पण माझं अक्षर चांगलं आहे, आणि लिहिणाऱ्याला विषय कळत नसला की इतिवृत्त निःपक्षपाती होतं, असं मोठ्या बाईंचं (म्हणजे मुख्याध्यापिकांचं) ठाम मत आहे.

घटना अशी घडली. आठवीच्या वर्गात खिडकीकडच्या रांगेत भोंगा बसतो. हे अर्थातच टोपणनाव. त्याचा आवाज असा, की तो कुजबुजला तरी शेजारच्या वर्गाला उत्तर मिळतं. (चाचणी परीक्षेत अनेकांनी याचा कृतज्ञतेने लाभ घेतला आहे.) सुट्टीच्या आधी विज्ञानाच्या बाईंनी वही मागितली, की भोंगा उभा राहून सांगायचा, "बाई, वही विसरले." सुट्टी संपली, शाळा उघडली, बाईंनी वही मागितली, आणि भोंगा उभा राहून म्हणाला, "बाई, वही विसरलो."

बाई म्हणाल्या, "उद्या आण," आणि फळ्याकडे वळून प्रकाशाचं अपवर्तन शिकवू लागल्या.

पुढे चौकशीत बाईंना विचारण्यात आलं, "एवढा मोठा बदल तुमच्या लक्षात कसा आला नाही?"

"बदल कुठे?" बाई म्हणाल्या. "वही तेव्हाही नव्हती, आत्ताही नव्हती."

वर्गाच्या मात्र लक्षात आलं होतं. शेजारी बसणाऱ्या मुलीने विचारलं, "आता असंच का?"

"हो."

"बरं. पट्टी दे जरा."

या विषयावर शाळेत झालेली ही सर्वांत छोटी चर्चा. समितीपुढे ती आली नाही, कारण त्यातून काहीच निष्पन्न होत नव्हतं. प्रश्नच मिटत होता.

तो मिटलाही असता. पण भोंग्याचा आवाज व्हरांड्यात गेला, आणि व्हरांड्यात एक पालक उभे होते. शेजारी बसणाऱ्या त्याच मुलीचे वडील. मुलगी डबा घरी ठेवून येते आणि ते तो पोचवायला येतात, म्हणून शाळेत त्यांना सगळे डब्याचे काका म्हणतात. काका अतिशय सज्जन गृहस्थ. विमा उतरवण्याचं काम करतात. न झालेल्या अपघातांचा विचार करणं हा त्यांचा पेशाच आहे. त्यांनी तिथल्या तिथे पालकांच्या ग्रुपवर विचारलं, "आठवीत काय चाललंय, कुणाला कल्पना आहे का?"

कुणालाच नव्हती. त्यामुळे सगळ्यांनी उत्तरं दिली.

संध्याकाळपर्यंत ग्रुपमध्ये दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, आज क्रियापद बदललं, उद्या काय काय बदलेल. दुसऱ्या तटाचं म्हणणं, हे क्रियापद म्हणजे नव्या युगाची पहाट आहे आणि शाळेने तातडीने फलक लावावा. एका पालकाने मध्येच विचारलं, उद्या गणवेश पांढरा की निळा. असंवेदनशीलतेबद्दल त्यांना ग्रुपमधून काढण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी भोंग्याच्या वडिलांना बोलावलं. ते घड्याळं दुरुस्त करतात. समोरच्या माणसाकडे पाहतानाही एक डोळा बारीक करतात, सवयीने.

"घरी कल्पना आहे ना?" मोठ्या बाईंनी आवाज खाली आणून विचारलं.

"आहे की. सुट्टीत सांगितलं त्याने."

"मग तुम्ही काय केलंत?"

"आधी त्याची आई रडली, मग मी रडलो. मग तो म्हणाला, तुमचं झालं असेल तर जेवायला बसू. मग जेवलो." त्यांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून पाहिलं. "माझं अजून चुकतं हो बाई. तोंडून जुनंच निघतं. तो तिथल्या तिथे दुरुस्त करतो. लहानपणी मी त्याचं शुद्धलेखन तपासायचो, आता तो माझं तपासतो."

"आणि शाळेकडून तुमची काय अपेक्षा?"

"त्याला गणितात जरा मदत झाली तर बरं होईल."

ही मागणी समितीच्या कक्षेत बसत नव्हती.

समिती दर गुरुवारी प्रयोगशाळेत बसत असे, कारण मोठं टेबल तिथेच आहे. सदस्य असे: अध्यक्षपदी मोठ्या बाई. चिंतित पालकांतर्फे डब्याचे काका. आनंदित पालकांतर्फे एक बाई, ज्या कार्यालयांमधून 'स्वतःला स्वीकारा' या विषयावर कार्यशाळा घेतात. त्यांना आम्ही कार्यशाळेच्या काकू म्हणू. तज्ज्ञ म्हणून व्याकरणाचे सर. शिवाय मी. भोंग्याला बोलावलं नव्हतं. त्याच्या भावना दुखावतील असं आनंदित बाजूचं मत होतं, आणि आमच्या भावना दुखावतील असं चिंतित बाजूचं. या एकाच मुद्द्यावर समितीचं पहिल्या दिवसापासून एकमत होतं.

पहिल्याच बैठकीत काकांची नजर कोपऱ्यातल्या सांगाड्यावर गेली.

"हा पुरुषाचा आहे की बाईचा?"

"प्लास्टिकचा," व्याकरणाचे सर म्हणाले.

मग मूळ विषय निघाला. काका म्हणाले, "आज एका तोंडून 'विसरलो' निघतंय. उद्या सगळा वर्ग म्हणायला लागला तर?"

"निम्मा वर्ग आधीपासून म्हणतोच," सर म्हणाले.

"माझ्या सासूबाई जन्मभर 'आलो, गेलो'च म्हणायच्या," मोठ्या बाईंनी माहिती पुरवली. "त्यांच्या माहेरी सगळ्या बायका तसंच बोलतात. पाच मुलं झाली त्यांना."

काका गडबडले. "त्यांचं वेगळं. त्यांचं वय झालं असेल."

"पाचही मुलं त्याच्या आधीची आहेत."

काकांनी मोहरा वळवला. ही सगळी फॅशन बाहेरून आलेली आहे, असं ते म्हणाले. त्यावर सरांनी चष्मा काढून पुसला. "पुल्लिंग आपलंच आहे. स्त्रीलिंग आपलंच. आणि 'ते' म्हणून तिसरं एक आहे, तेही आपलंच. आपण लहान वर्गात शिकवतो. तो फळा, ती खुर्ची, ते टेबल. फळ्याला आजवर कुणी दाखला मागितलेला नाही."

कार्यशाळेच्या काकूंना हे सगळं फार कोरडं वाटलं. त्यांचा प्रस्ताव होता 'स्वीकार सप्ताह'. शेवटच्या दिवशी भोंग्याने रंगमंचावर उभं राहून आपला प्रवास सांगायचा, आणि मग प्रत्येक विद्यार्थ्याने ओळीने येऊन त्याला मिठी मारायची. मोठ्या बाईंनी मला भोंग्याचं मत घ्यायला पाठवलं. तो मैदानावर चेंडू शोधत होता.

"माझा प्रवास?" तो म्हणाला. "सर, मी चालत येतो. पलीकडच्याच गल्लीत राहतो."

इतिवृत्तात मी लिहिलं: 'लाभार्थ्याचा प्रतिसाद सकारात्मक, तथापि अंतर कमी.'

दरम्यान मुलांचा कल जाणून घेण्यासाठी एक पाहणीही झाली. 'वर्गमित्राच्या क्रियापदामुळे तुम्हाला फरक पडतो का?' या प्रश्नाला बहुसंख्य मुलांनी 'हा तास बुडणार आहे का?' असं उत्तर दिलं. काही थोड्यांनी 'फरक म्हणजे वजाबाकी का?' असं विचारलं. समितीने निष्कर्ष काढला की मुलांमध्ये तीव्र गोंधळ आहे.

तोडगा अखेर व्याकरणाच्या सरांनी काढला, आणि तोही चुकून. तिसऱ्या बैठकीत ते कंटाळून म्हणाले, "अडचण सगळी वर्तमानकाळाची आणि भूतकाळाची आहे. मी येतो, मी येते. मी आलो, मी आले. भविष्यकाळात काही भानगडच नाही. मी येईन, मी शिकेन, मी मोठं होऊन दाखवीन. कुणीही म्हणावं. भविष्यात आपण सगळे सारखेच."

ते उपहासाने बोलले होते. पण उपहास नोंदवायला इतिवृत्तात रकाना नसतो. पुढच्या सोमवारी परिपत्रक निघालं: कुणालाही वेगळं वाटू नये यासाठी शाळेच्या आवारात सर्वांनी केवळ भविष्यकाळात बोलावे.

अंमलबजावणी आदर्श झाली. सर्वांत आधी कार्यालयातल्या क्लार्कना जमलं. ते आधीपासूनच 'होईल', 'मिळेल', 'पुढच्या आठवड्यात बघू' याच काळात राहत होते. मुलांनाही नियम फार आवडला. "गृहपाठ?" "करीन." "वही?" "आणीन." शाळेतलं एकही मूल आता काही विसरत नव्हतं, सगळं फक्त व्हायचं राहिलेलं होतं. इतिहासाच्या तासाला मात्र पेच आला. "राजा किल्ल्याचा दरवाजा उघडा ठेवील आणि लढाई हरेल," असं सरांनी शिकवताच मागच्या बाकावरून सूचना आली, "सर, मग त्याला आत्ताच सांगून ठेवू या ना."

तरीही नियम टिकला असता. पण पाचवीतलं एक मूल रडत कवायतीच्या सरांकडे गेलं आणि म्हणालं, "सर, मी जिन्यावरून पडेन."

"मग जपून चाल," असं म्हणून सर पुढे गेले.

गुडघ्यातून रक्त येत होतं. परिपत्रक मागे घेण्यात आलं.

आता माझी पाळी होती. बोलण्याची मला सवय नाही, पण त्या गुरुवारी मी म्हणालो, "गेले दोन महिने मी हे इतिवृत्त लिहितोय. त्यात कोण पुरुष, कोण बाई, काही कळत नाही. 'ठरवण्यात आले', 'सुचवण्यात आले', 'चहा घेण्यात आला'. कर्ता दिसतच नाही." मोठ्या बाईंचे डोळे भरून आले. सरकारी कागदांनी इतकी वर्षं ही सोय वापरली आणि ती मुलांपर्यंत पोचवावी असं कुणालाच कसं सुचलं नाही, असं त्या म्हणाल्या.

नवं परिपत्रक लागू झालं. महिन्याभरात शाळा इतकी सभ्य झाली की पाहुण्यांना भीती वाटावी. वर्गाच्या दारातून आवाज येई, "आत येण्यात यावे काय?" आतून उत्तर जाई, "येण्यास हरकत नसावी." सभागृहाची काच फुटली तेव्हा कवायतीच्या सरांनी अख्ख्या सातवीला रांगेत उभं केलं.

"काच कुणी फोडली?"

"काच फोडण्यात आली, सर."

"कुणाकडून?"

"संबंधितांकडून."

सरांना पहिल्यांदाच जाणवलं की आपण मुलांना नव्हे, एखाद्या खात्याला जाब विचारतोय. नववीच्या एका दप्तरात सापडलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं: 'आपल्यावर प्रेम करण्यात येत आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' चिठ्ठी कुणी लिहिली आणि कुणाला, याचा पत्ता लागला नाही. समितीने हे धोरणाचं यश मानलं.

या सगळ्यात एक छोटीशी बाब राहून जात होती. कुणाला वेगळं वाटू नये म्हणून अख्ख्या शाळेची भाषा बदलली होती, आणि त्यामुळे ती कुणासाठी बदलली हे अख्ख्या शाळेला माहीत झालं होतं. भोंग्याचा आवाज येईनासा झाला. व्हरांडा शांत. चाचणीत शेजारच्या वर्गाचे गुण घसरले. एकदा माझ्या तासाला तो रंग कालवत बसला होता. ब्रश पाण्यात बुडवत म्हणाला, "सर, मी एकच शब्द बदलला होता. तुम्ही बाकीचे सगळे कशाला बदललेत?"

मी म्हणालो, "याबाबत विचार करण्यात येईल." आणि मला जरा उकडल्यासारखं झालं. खिडक्या उघड्या होत्या.

मग क्रीडादिन आला. आमच्या शाळेला ध्वनिक्षेपक कधी लागला नाही; दरवर्षी घोषणा भोंगाच करतो. या वर्षीही तोच टेबलावर उभा राहिला, पण हातात परिपत्रक दिलेलं होतं. "धावण्यास प्रारंभ करण्यात येत आहे," तो म्हणाला, आणि पहिल्या ओळीतल्या पालकांनी "काय म्हणाला?" असं एकमेकांना विचारलं.

शेवटी आठवी विरुद्ध नववी अशी मुलींची चौघीचौघींची शर्यत होती, हातात कांडी घेऊन आळीपाळीने धावायची. शेवटचा टप्पा काकांच्या मुलीचा. काका दोरीला पोट टेकून उभे होते. गेला महिना त्यांचा वाईट गेला होता. पोरीने परिपत्रक घरीही नेलं होतं. भाजी का ठेवलीस विचारलं, तर "भाजी संपवण्यात येणार नाही." का, तर "कारणे देणे बंधनकारक नाही." संध्याकाळी कुठे होतीस, तर "जाण्यात आले होते." कुणाबरोबर, तर "संबंधितांबरोबर." जगातल्या सगळ्या संकटांची आगाऊ माहिती असलेल्या माणसाला स्वतःच्या घरात काय चाललंय ते कळेनासं झालं होतं.

मैदानाच्या पलीकडच्या वळणावर धूळ उठली. धुळीतून काही दिसेना.

"कोण पुढे आहे?" काका ओरडले.

"आघाडी घेण्यात आलेली आहे," टेबलावरून उत्तर आलं.

"पण कुणी?"

"संबंधितांकडून..."

"नाव सांग, नाव! माझी पोरगी आहे त्यात!"

भोंग्याने काकांकडे पाहिलं. मग हातातल्या परिपत्रकाची सुरळी केली, तोंडाला लावली, आणि महिनाभर साठलेला आवाज एकदम सोडला.

"काका, तीच पुढे आहे! पळ गं! मागे बघू नकोस, पळ! गेली, गेली, ती गेली पुढे! जिंकलो! आपण जिंकलो!"

पलीकडच्या रस्त्यावरचा एक सायकलवाला थांबला. आठवीचा वर्ग दोरीखालून मैदानात घुसला. चारही धावणाऱ्या मुली उड्या मारत "जिंकलो! जिंकलो!" ओरडत होत्या, मुलगे ओरडत होते, विज्ञानाच्या बाई ओरडत होत्या, आणि डब्याचे काका दोरीत पाय अडकवून पडता पडता सगळ्यांहून मोठ्याने ओरडत होते, "जिंकलो!"

माझ्या शेजारी व्याकरणाचे सर उभे होते. "ऐकताय ना?" ते म्हणाले. "मी जिंकलो, मी जिंकले. पण 'आपण' म्हटलं की बाई असो, पुरुष असो, सगळे 'जिंकलो'. सोय पहिल्यापासून होती. भेद फक्त एकट्या माणसाला लागू होतो."

"हे तुम्ही समितीत का नाही सांगितलंत?"

"समितीत कुणी 'आपण' म्हणालंच नाही."

काका धापा टाकत टेबलापाशी आले. वर पाहून म्हणाले, "काय आवाज आहे रे तुझा! वळणावर ऐकू गेला तिला."

रे म्हणाले. काकांच्या ते लक्षात आलं नाही. भोंग्याच्या आलं. तो टेबलावरून खाली उतरला, आणि उतरताना उगाचच उडी मारली.

पुढच्या गुरुवारी काकांनीच ठराव मांडला: परिपत्रक रद्द व्हावे, ज्याला जसे बोलायचे तसे बोलू द्यावे. कारण म्हणून त्यांनी 'घरगुती अडचण' एवढंच दिलं. कार्यशाळेच्या काकूंनी या ठरावाबद्दल एक सोहळा सुचवला. तो विचाराधीन आहे. व्याकरणाचे सर आता शनिवारी भोंग्याला गणित शिकवतात. (गणिताचे सर मोकळे नव्हते, त्यांना दुसऱ्या एका समितीवर घेतलंय.) ठराव मंजूर झाल्यावर काकांनी राजीनामा दिला. शाळेत भीती वाटण्यासारखं काही उरलं नाही आणि आपल्याला विम्याच्या कामाकडे बघायला हवं, असं ते म्हणाले. समिती मात्र बरखास्त झालेली नाही. समित्या बरखास्त करण्याची पद्धत ठरवण्यासाठी ती दर गुरुवारी बसते.

इथवर वाचणाऱ्यांपैकी काही सुज्ञ मंडळींना अजूनही एक शंका छळत असेल. ते सगळं ठीक आहे हो, आमचा कशालाच विरोध नाही, पण भोंगा 'तसा मुळात' आहे कोण? त्यांनी मुळीच संकोच करू नये. काकांच्या राजीनाम्यामुळे समितीत एक जागा रिकामी आहे, आणि त्या जागेसाठी हीच शंका ही एकमेव पात्रता आहे. प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे. सांगाड्याच्या बाजूची खुर्ची आपल्यासाठी पुसून ठेवण्यात आलेली आहे.